बाईंच्या लॅपटॉपवरचे पाच रंगांचे ठिपके: मिरजेतल्या एका होम स्टुडिओचं प्रकरण

बाईंचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात एका लग्नाच्या साउंडवर होतो. "अरे, तुला ते रेकॉर्डिंगचं कळतं ना? मग एकदा मिरजेला ये. लॅपटॉप आहे, माइक आहे, डबाभर वायरी आहेत आणि होत काहीच नाही. येताना स्टेशनजवळून लिंबं आण."

बाई म्हणजे माझ्या बहिणीच्या गाण्याच्या बाई. वय बासष्ट. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवायला लागल्या ते आजतागायत चालू आहे. पुण्यात दोघी, बंगळुरात एक, न्यू जर्सीत चौघं. अडचण अशी की व्हिडिओ कॉलवर तानपुरा टिकत नाही. ही ॲप्स सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं धरून चालतात आणि तो कापतात. पंख्याची घरघर कापायला हे बरं आहे, पण तानपुऱ्याचा गुणच तो, एकसारखा चालत राहणं. म्हणजे समोरच्याला बाईंचा गळा ऐकू जातो आणि ज्याच्यावर तो गळा उभा आहे तेच नाहीसं होतं. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि मिरजेतल्याच घरातून तो न्यू जर्सीला पोचत नव्हता.

म्हणून बाईंनी ठरवलं, की धडे रेकॉर्ड करून पाठवायचे. एका रागाचा एक संच: आरोह-अवरोह, पकड, थोडी आलापी, एक बंदिश ओळीओळीनं आणि शेवटी सलग. सुरुवातीला वीस राग. सामान एका शिष्याने अमेरिकेतून आणून दिलं होतं: दोन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी), एक कंडेन्सर माइक, स्टँड, बंद पाठीचा हेडफोन. लॅपटॉप पुतण्याचा जुना, विंडोज १०, आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम. इंटरफेसच्या डब्यात एका सॉफ्टवेअरच्या हलक्या आवृत्तीचा मोफत कोड होता. पुतण्याने तेच टाकून दिलं होतं आणि गोष्ट तिथेच अडकली होती.

त्या सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. ते ठेक्यावर बेतलेल्या संगीतासाठी केलेलं आहे. उघडलं की मिनिटाला १२० ची लय आणि चार मात्रांचे चौकोन समोर. बाईंनी त्यात विलंबित ख्यालाची पंधरा मिनिटं गायली, कशीबशी साठवली. दुसऱ्या दिवशी ऐकताना कोपऱ्यातला १२० चा आकडा त्यांना खटकला. "एवढी द्रुत कशी?" म्हणून त्यांनी तो ६० केला. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे पंधरा मिनिटांचं गाणं ताणून तीस मिनिटांचं केलं. सूर तोच राहिला, पण प्रत्येक मींड रबर ओढल्यासारखी. मला ते ऐकवताना बाई हसत होत्या. पण हसू फार वेळ टिकलं नाही. "हे माझं गाणं नाही, आणि ते कुठे बिघडलं हेही मला कळत नाही."

होम स्टुडिओसाठी सॉफ्टवेअर निवडायला बसलं की माणूस पहिल्यांदा तक्ता काढतो. कुणात किती ट्रॅक, किती इफेक्ट, किंमत किती. मीही काढला होता, मोबाइलमध्ये आहे अजून. त्यातली एकही ओळ कामाला आली नाही. कामाला आलं ते दोन दिवस भिंतीला टेकून बाई कशा शिकवतात ते बघणं.

बाई एक ओळ गातात. थांबतात. स्वतःशीच मान हलवतात, नको. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा गातात आणि म्हणतात, "पहिली घे, पण शेवटचा शब्द तिसरीतला." हे सगळं मिनिटभरात. अंतऱ्याच्या एका ओळीला मी सात वेळा मोजल्या. यातली कुठली ठेवायची हे त्या तेव्हा ठरवत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ठरवतात. मग माझ्या डोक्यात प्रश्न बदलला. रेकॉर्ड तर सगळीच सॉफ्टवेअरं करतात. सात वेळा गायलेली ओळ सातही वेळची कुठे ठेवायची, उद्या ती कशी हुडकायची आणि पहिलीचं धड तिसरीच्या शेपटाला कसं जोडायचं, हे बासष्ट वर्षांच्या माणसाला माझ्याशिवाय जमलं पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. बाई रागाची वेळ पाळतात. भैरव पहाटे, भूप, यमन दिवेलागणीनंतर. "रेकॉर्डिंगला काय होतंय, दुपारी म्हणा की यमन," असं मी एकदाच म्हणालो. त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसतं पाहिलं. याचा रेकॉर्डिंगशी संबंध असा, की पहाटे साडेपाचला त्या गल्लीत चिटपाखरू नसतं. लांबून जंक्शनवरची शिट्टी तेवढी येते. संध्याकाळी सातला तिथे रिक्षा, आरतीची घंटा, शेजारचा कुकर आणि क्लासवरून सुटलेली पोरं, सगळं एकदम. कौलारू घर, खिडक्यांच्या फटी बोटभर. म्हणजे सकाळचे राग दोन-तीन प्रयत्नांत होणार आणि संध्याकाळच्या रागांना गाणं चांगलं होऊनसुद्धा हॉर्नपायी परत गावं लागणार. रागाची वेळ ठरवणार होती की एका ओळीचे किती तुकडे साठणार.

आता उमेदवार.

ज्यांच्यावर वेळ घालवला नाही ते आधी सांगतो. लॉजिक प्रो उत्तम आहे, पण ते ॲपलच्या मशिनवरच चालतं. गॅरेजबँड फुकट, पण तेही तिथलंच. बाईंकडे विंडोज. विषय संपला. प्रो टूल्सची इंट्रो ही मोफत आवृत्ती आठ ऑडिओ ट्रॅक देते. बाईंना ते पुरले असते, पण त्या लॅपटॉपला ते जड, आणि खातं, लॉगिन, सोबतची जोडसॉफ्टवेअरं असा बारदाना आला. मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स असतं म्हणून घरीही तेच हवं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्याला आपलं सेशन मुंबईच्या स्टुडिओत घेऊन जायचं आहे त्याच्यासाठी ते खरं आहे. बाई कुठे जाणार नव्हत्या. क्यूबेसची मोठी आवृत्ती खर्चिक, आणि तिच्यातलं निम्मंअधिक वाद्यरचनेसाठीचं. अर्थात क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गचे उपकार आपण सगळे घेतोच. इंटरफेसचा आवाज विंडोजच्या फेऱ्यांतून न नेता थेट सॉफ्टवेअरपर्यंत पोचवणारी आसिओ ही पद्धत त्यांचीच, गेल्या शतकाच्या नव्वदीतली.

केकवॉक माझ्या मनात होतं. मी स्वतः त्याच्यावर शिकलो. पण त्याचा इतिहास बघा. गिब्सन कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरात त्याचं काम थांबवलं. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन सगळ्यांना मोफत दिलं, आणि आम्ही पोरांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता सोनार या नावाने नवं येणार आणि हे जुनं मिटणार. सॉफ्टवेअर चांगलंच आहे. पण ज्या बाई एकच हार्मोनियम वर्षानुवर्षं वापरतात त्यांना मी दर तीन वर्षांनी नवं दुकान कसं दाखवू?

राहिली दोन, ऑडॅसिटी आणि रीपर. दोघांना एकेक आठवडा दिला, यमनची एकच बंदिश दोन्हींत.

ऑडॅसिटी बहुतेकांना माहीत असते. १९९९ मध्ये अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचं काम सुरू झालं, २००० पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे आणि आजही फुकट आहे. उघडा, लाल बटण दाबा, बोला. बाईंना ती पहिल्या दहा मिनिटांत जमली, आणि मला वाटलं झालं आपलं काम. तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी गेलो तर पडद्यावर एकाखाली एक चौदा पट्ट्या. बाई प्रत्येक प्रयत्न नव्या ट्रॅकवर घेत होत्या, कारण त्याच ट्रॅकवर घेतला तर तो शेवटाला जाऊन चिकटतो, बंदिशीतल्या आपल्या जागी बसत नाही. चौदांपैकी कुठली ओळ कुठली, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं: "वरून सहावी, बरी. नववी, खोकला." ती वही मी जपून ठेवणार आहे.

ऑडॅसिटीत पंच अँड रोल नावाची सोय आहे. चुकलं तिथून दोन-चार सेकंद मागचं ऐकवते आणि बरोबर चुकीच्या जागेपासून पुढे नवं रेकॉर्डिंग सुरू करते. पुस्तक वाचून रेकॉर्ड करणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही. तुमचं काम निवेदनाचं, पॉडकास्टचं, कथावाचनाचं असेल तर इथेच वाचणं थांबवा आणि ऑडॅसिटी घ्या. पण तिथे जुनं जाऊन नवं येतं. बाईंना जुनं हवं असतं.

सांध्याचा दुसरा प्रश्न त्याहून बारीक होता. तानपुरा आणि ठेका कानात वाजतोय, त्याच्यावर गळा रेकॉर्ड होतोय. गळा संगणकात पोचायला वेळ लागतो. सॉफ्टवेअरला तो वेळ नेमका माहीत असेल तर ते रेकॉर्ड झालेली पट्टी तेवढी मागे सरकवून ठेवतं. माहीत नसेल तर सम घसरते. हे तपासायचा साधा उपाय आहे. हेडफोनमधून टिकटिक वाजवायची, हेडफोन माइकला चिकटवायचा, ती टिकटिक परत रेकॉर्ड करायची आणि दोन्ही पट्ट्यांतलं अंतर बघायचं. आम्ही बसवलेली ऑडॅसिटी इंटरफेसशी आसिओवरून बोलत नव्हती, विंडोजच्या नेहमीच्या वाटेने जात होती, आणि अंतर चाळीसेक मिलिसेकंद निघालं. तो आकडा सेटिंगमध्ये हाताने भरता येतो, भरलाही. दोन दिवसांनी बाईंनी हेडफोन लॅपटॉपच्या भोकात लावला आणि आकडा परत बदलला. रीपर इंटरफेसच्या आसिओ ड्रायव्हरवर चालवलं तेव्हा तीच टिकटिक एकावर एक बसली. पट्टी बरीच मोठी करून पाहिली तरी फरक दिसेना.

याच चाचणीत एक गैरसमज गेला, माझाही. बाईंची जुनी तक्रार होती, "गाताना माझ्या मागून कुणीतरी गातंय." पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज आत जाऊन, फिरून, हेडफोनमधून परत येत होता. संगणक आवाज घासाघासाने घेतो, त्या घासाला बफर म्हणतात. बफर १०२४ सॅम्पल आणि वेग सेकंदाला ४८,००० सॅम्पल असेल तर जायला २१ मिलिसेकंद, यायला २१. हवेतून आवाज एवढ्या वेळात चौदा-पंधरा मीटर जातो. म्हणजे स्वतःचाच आकार देवळाच्या सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाकडून ऐकत तान घ्यायची. मी लगेच बफर १२८ वर आणायला निघालो. तसं केलं की एका बाजूचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, पण त्या आय-थ्रीला घाम फुटून रेकॉर्डिंगमध्ये कटकट आवाज यायला लागले. मग इंटरफेसच्या तोंडावरचं बटण दिसलं, डायरेक्ट मॉनिटर. ते दाबलं की गळा संगणकात जायच्या आधीच हेडफोनला मिळतो आणि उशीर उरतच नाही. सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद, बफर खुशाल १०२४. त्या दिवसानंतर मागचं कुणी गायलं नाही. सॉफ्टवेअर बदलायला निघालेल्या निम्म्या लोकांचं दुखणं या एका बटणापाशी असतं, असं माझं मत झालंय.

रीपरकडे येतो. विनॅम्प आठवतं? सायबर कॅफेत एमपी-थ्री वाजवायचो ते. ते करणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्याच कॉकॉस कंपनीचं हे. इन्स्टॉल करायची फाइल इतकी लहान, की बाईंच्या घरच्या नेटवर चहा उकळेपर्यंत उतरली. पण पहिल्यांदा उघडलं की पडदा करडा, बटणं बारीक आणि मेनू उघडावा तर संपत नाही. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे विमान आहे." खरं आहे. नवख्या माणसाच्या हाती रीपर तसंच देणं म्हणजे त्याला पळवून लावणं.

त्याच्यातली एक गोष्ट मात्र नेमकी बाईंसारख्यांसाठी केल्यासारखी आहे. बंदिशीच्या ज्या ओळीवर तुम्ही परत गाता, तिथे नवा प्रयत्न जुन्याच्या पोटात साठतो. दिसायला तुकडा एकच, आत सात थर. त्याला टेक म्हणतात. तुकड्यावर टिचकी मारून टी दाबलं की पुढचा टेक, परत टी दाबलं की त्याच्या पुढचा. एस दाबलं की तुकडा तिथे कापला जातो आणि मग कापलेल्या प्रत्येक भागासाठी टेक वेगळा निवडता येतो. पहिलीचं धड, तिसरीचं शेपूट. २०२३ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत हेच माउसने पुसल्यासारखं ओढूनही करता येतं, पण बाईंचा हात माउसवर थरथरतो, त्यांना कळा बऱ्या.

मी त्यांना हे पहिल्यांदा दाखवलं ती संध्याकाळ. यमनच्या अंतऱ्याची ओळ, पाच टेक. बाईंनी चष्मा सारखा केला, टी दाबलं, ऐकलं. टी दाबलं, ऐकलं. चौथ्याला थांबल्या. "यातला निषाद बघ. पहिल्यातला घाबरलाय." मला दोन्ही निषाद सारखेच लागले, खोटं कशाला बोलू. त्यांनी मला न विचारता कर्सर शब्दाच्या आधी नेला, एस दाबलं, टी दाबलं. सांधा जुळला. मग मागे वळून म्हणाल्या, "म्हणजे खोडरबर नाही, वहीच आहे ही." निवड तिथे झाली. पुढचं सगळं मांडणीचं काम.

मांडणी अशी केली. चार ट्रॅकचा एक साचा बनवला: तानपुरा, ठेका, गळा, हार्मोनियम. दर वेळी तोच उघडतो. वरची बटणांची पट्टी जवळपास सगळी लपवली. रेकॉर्डिंग थांबवलं की फाइल ठेवू की पुसू असं विचारणारी खिडकी बंद केली, कारण अशी खिडकी आली की बाई घाईत कुठलंही बटण दाबतात हे मी त्यांच्या मोबाइलवर पाहिलं होतं. कळफलकावर बिंदीच्या पाकिटातले रंगीत ठिपके चिकटवले: कंट्रोलवर आणि आरवर लाल, म्हणजे दोन्ही लाल एकदम दाबले की रेकॉर्ड. स्पेसबारवर हिरवा, टीवर पिवळा, एसवर निळा. सेव्हसाठी कंट्रोलसोबत हाच निळा, आणि ठिपक्यांत शेवटचा एमवर पांढरा. एम दाबलं की तिथे खूण पडते. रिक्षा वाजली की बाई गाणं न थांबवता एम दाबतात.

ठेक्याची जाळी बंद केली. हे महत्त्वाचं, कारण पहिला अपघात याच जाळीने झाला होता. रीपरमध्ये प्रोजेक्टला सांगता येतं, की तुकडे घड्याळाच्या वेळेला बांध, लयीला बांधू नको. तसं केल्यावर लयीचा आकडा कितीही बदला, गाणं हलत नाही. विलंबित एकतालाला मात्र ठेका लागतोच. तिथे एक मात्रा चार सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५. काही सॉफ्टवेअरांत लय वीसच्या खाली जातच नाही. तबलजी मनात मोजतो तसंच आम्ही केलं: मात्रेचे चार भाग, लय ६०, बारा मात्रांचे ४८ टिपके, आवर्तन ४८ सेकंदांचं. समेवर खूण टाकली. ठेका एका ओळखीच्या तबलजींकडून प्रत्यक्ष वाजवून घेतला. यंत्राचा ठेका बाईंना चालला नाही, आणि मी वादही घातला नाही.

तानपुऱ्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. कल्पना अशी होती, की बाईंचा स्वतःचा तानपुरा एकदाच नीट रेकॉर्ड करायचा आणि तो सगळ्या धड्यांखाली फिरवत ठेवायचा. याने एक मोठा फायदा झाला जो मला आधी सुचला नव्हता. तारा हवेप्रमाणे उतरतात, चढतात. सोमवारी गायलेल्या ओळीत शुक्रवारचं शेपूट जोडायचं, तर दोन्ही दिवशी सा तोच पाहिजे. बाईंचा सा काळी चारचा, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा, सुमारे २०८ हर्ट्झ. रेकॉर्ड केलेला तानपुरा शुक्रवारीही तिथेच असतो.

चार मिनिटं वाजवून घेतली. आता याचा सांधा कुठे करायचा? तानपुऱ्यात शांतता कुठेच नाही. पंचम छेडला की खर्जाची गुंजन अजून चालूच असते. दोन-तीन ठिकाणी कापून पाहिलं, प्रत्येक वेळी धक्का. शेवटी पंचमाच्या छेडीच्या केसभर आधी कापलं आणि दोन्ही टोकं एकमेकांत थोडी मिसळली. छेडीच्या ठोक्याआड सांधा लपतो. मला ऐकू येईना. बाईंनी डोळे मिटून दोन फेऱ्या ऐकल्या आणि सांगितलं, "इथे पंचम घाईत येतोय." मोजलं. खरंच येत होता, हाताच्या लयीत शेवटचं आवर्तन किंचित आखडलं होतं. चार मिनिटांतली दोन टाकून दिली, तेव्हा जमलं.

लाइटचं काय? मिरजेत वळवाच्या दिवसांत संध्याकाळी लाइट जाणारच. लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती, म्हणजे लाइट गेली की सगळं बंद. सॉफ्टवेअरच्या आधी नवी बॅटरी घेतली, आणि माझ्या हिशेबात या स्टुडिओतली ती सर्वांत शहाणी खरेदी. इंटरफेसला वीज यूएसबीतून मिळते, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्टही तिथूनच, त्यामुळे लाइट गेल्यावर उलट पंखा बंद पडून रेकॉर्डिंग सुधारतं. रीपर रेकॉर्ड करतानाच आवाज डिस्कवर लिहीत जातं आणि प्रोजेक्टची वेळ टाकलेली प्रतही अधूनमधून ठेवतं, तेही चालू केलं.

जागेचा हिशेब बाईंनी विचारला, कारण पुतण्याने "डिस्क भरेल" म्हणून घाबरवलं होतं. २४ बिट, ४८,००० वेग, एक माइक: तासाला सुमारे ५२० एमबी. एका रागाला सगळे टेक धरून तीन तास, म्हणजे दीड जीबी. वीस राग तीस जीबीत. बाहेरची डिस्क एक घेतली, दुसरी बहिणीकडे कोल्हापुरात.

पैशांचं सांगायचं राहिलं. रीपर साठ दिवस पूर्ण वापरता येतं, काहीही अडवून ठेवलेलं नसतं. नंतर घरगुती वापराचं किंवा लहान धंद्याचं लायसन्स ६० डॉलर, मोठ्या धंद्याला २२५. सातव्या आवृत्तीला घेतलेलं आठवी संपेपर्यंत चालतं. साठ दिवसांनंतरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं. हे मी बाईंना सांगितलं आणि हळूच म्हणालो, की बरेच जण तसंच चालवतात. बाई म्हणाल्या, "फी थकली म्हणून मी कुणाला दाराबाहेर काढत नाही. पण कुणाची थकलीय ते मला पाठ असतं." त्याच आठवड्यात पुतण्याच्या कार्डावरून पैसे भरले, पाच हजारांच्या थोडे वर गेले. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आणि तो लॅपटॉप ११ घेत नाही. रीपर लिनक्सवरही चालतं, त्यामुळे कधी गरज पडलीच तर त्याच मशिनवर तेही करून बघता येईल, इंटरफेस तिथे चालतो का एवढं आधी तपासून.

सगळंच जमलं असं नाही. हार्मोनियमचा चौथा ट्रॅक रिकामाच आहे. एक माइक गळ्यावर, दुसरा पेटीवर ठेवला की दोन्हींत दोन्ही येतं, आणि मग गळ्याचा टेक बदलला की पेटीही बदलते. टेकची सगळी गंमत तिथे संपते. त्यामुळे पेटी वाजवत गाणं बाईंनी सोडलं, नुसत्या तानपुऱ्यावर गातात. काही शिष्यांना ते अवघड जातं. शिवाय खिडकीवर टांगलेल्या दोन गोधड्यांनी खोली बरीच शांत झाली, पण एप्रिलमध्ये पंखा बंद करून बासष्ट वर्षांच्या माणसाला गायला लावणं मला आजही बरं वाटत नाही. पंख्याची घरघर नंतर काढायचा प्रयत्न केला. निघते, पण तिच्याबरोबर जवारीची, म्हणजे आवाजातल्या झंकाराची, वरची चमकही जाते. पंखा बंदच.

आणि ऑडॅसिटी त्या लॅपटॉपवर अजून आहे. तयार झालेला धडा पाठवायच्या आधी पुढची-मागची शांतता छाटायला आणि एमपी-थ्री करायला बाईंची भाची तीच वापरते. तिला रीपर शिकायचं नाही, आणि तिने का शिकावं?

दिवाळीपर्यंत अठरा राग झाले. पहाटेचे सगळे, संध्याकाळनंतरचे दोन सोडून. यमनच्या प्रोजेक्टमध्ये पांढऱ्या खुणा एकेचाळीस आहेत, भैरवमध्ये तीन. परवा गेलो तेव्हा बाईंच्या फोल्डरमध्ये वीस प्रोजेक्ट दिसले, पण शेवटच्या दोघांत तानपुरा आणि ठेक्याखेरीज काही नव्हतं. बसंत आणि बहार. मी विचारलं, गळा बसलाय का, की काही अडलंय. बाईंनी लिंबाचं सरबत माझ्या हातात दिलं. "कार्तिकात कोण बसंत गातं? माघात ये."